आधी पंचनामा, मग माफी



एरवी मी तुमच्यापुढे येतो तो करपा, तुडतुडे नाहीतर युरियाची मात्रा घेऊन. आजचा विषय फवारणीचा नाही. पण तो बांधावरचाच आहे आणि कर्जत-खालापुरात भातानंतरचे पीक का वाढत नाही, त्याच्या मुळाशी जाणारा आहे. म्हणून थोडा वेळ काढून वाचावा, ही विनंती. सरपंच, पोलीस पाटील आणि भाऊसाहेब मंडळींनी तर जरूर वाचावा. (ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे आहे. पण गावाच्या तोंडी दोघेही भाऊसाहेबच, तेव्हा मीही तेच म्हणतो.)

भात कापून झाले, भारे खळ्यावर आले, की आपल्याकडे गुरांची दावी सुटतात. भिवपुरीच्या टाटा वीजगृहातून सुटणारे पाणी राजनाल्याने ज्या गावांना मिळते, तिथे उन्हाळी भात होते. सगळे शिवार हिरवे असते, त्यामुळे राखणही सगळ्यांची असते. पण कालव्याच्या वरच्या अंगाला, डोंगराकडच्या गावांत, भातानंतर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर वाल नाहीतर हरभरा करणारे शेतकरी थोडेच. बाकीचे शिवार मोकळे. त्यात गावाची गुरे फिरत असतात आणि मध्येच कुणाचा तरी दहा-बारा गुंठ्यांचा वाल उभा असतो. पुढे काय होते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. "साहेब, पेरू हो, पण राखायचं कुणी?" हा प्रश्न मी जितक्या वेळा ऐकला, तितक्या वेळा खताचा प्रश्नसुद्धा ऐकला नसेल.

दोन वर्षांपूर्वी कर्जत तालुक्यातल्या अशाच एका गावी घडलेला प्रकार सांगतो. गावाचे आणि माणसांचे नाव देत नाही. प्रकरण मिटलेले आहे. ते पुन्हा उकरून कुणाला मान खाली घालायला लावण्यात अर्थ नाही.

मार्गशीर्षाचे दिवस. एका बाईंचा बारा गुंठे वाल होता. सगळा गाव त्यांना मावशी म्हणतो. मालक वारलेले, मुलगा खोपोलीला कारखान्यात रोजंदारीवर. वाल जेमतेम महिन्याचा झालेला. एका रात्रीत शेजाऱ्याची चार गुरे आत शिरली. दोन बैल, एक म्हैस आणि एक कालवड. सकाळी मावशी जाऊन बघतात तर निम्म्याहून जास्त रान खाल्लेले आणि तुडवलेले. गुरांचा मालक कुणी परका नव्हता. मावशींच्या घरामागेच राहणारा, साठीला आलेला माणूस. त्याचाही हात तंगच. गुरे राखायचे काम नातवाकडे होते. नातू रात्री क्रिकेटचे सामने बघायला पलीकडच्या वाडीत गेला आणि गुरे बांधायची राहून गेली. मागच्या वर्षीही एकदा असेच झाले होते.

त्या दिवशी मी गावात होतो ते वालावरच्या माव्यासाठी. देवळाच्या ओट्यावर बैठक बसली. लगेच दोन तट पडले. एक तट म्हणाला, "जाऊ द्या हो. म्हातारा माणूस, मुकं जनावर. गावात राहायचं तर एवढं चालायचंच. माफ करून टाका." दुसरा तट तापलेला. "दुसरी वेळ आहे याची. पाच हजार दंड लावा, देवळाच्या फंडात जमा करा आणि दंड भरेपर्यंत कुणी त्याच्या दारात जायचं नाही." तासभर असे चालले. खरे सांगतो, मीही पहिल्या तटाकडे झुकलो होतो. म्हाताऱ्याचे तोंड बघवत नव्हते.

मावशी खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलेच नव्हते. शेवटी पोलीस पाटलांच्या ते ध्यानात आले. ते म्हणाले, "मावशी, तुमचं म्हणणं काय?"

मावशी म्हणाल्या, "पाच हजार देवाला देणार, त्यात माझं काय? आणि माफीचं म्हणाल, तर ती तुम्ही का देताय? माझं किती गेलं ते आधी मोजा. मग काय सोडायचं ते मी बघीन."

बैठक गप्प झाली. मग मोजायचे ठरले आणि ते काम माझ्या गळ्यात पडले.

मोजणी कशी केली ते थोडे सविस्तर सांगतो, कारण ती कुणालाही करता येते आणि तिला सरकारी माणूस लागतोच असे नाही. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. मोठ्या माणसाचे पाऊल अडीच फुटांचे धरले, तर एका बाजूला साधारण तेरा पावले. दोन पंच, मावशी, गुरांचा मालक आणि तो नातू, अशा सर्वांना बरोबर घेऊन आम्ही रान पावलांनी मोजले. पाच गुंठे सुखरूप होते. सात गुंठ्यांत गुरे फिरली होती. त्यातही दोन प्रकार दिसले. काही ठिकाणी नुसते शेंडे खाल्लेले, खोड जागेवर. काही ठिकाणी रोपे मुळासकट उपटलेली किंवा खुरांखाली चिरडलेली. चारही कोपऱ्यांवर खुंट्या मारल्या, वहीत आकृती काढली आणि सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले. मालकाने अंगठा दिला तेव्हा त्याचा हात थरथरत होता.

पण नुकसानीचा आकडा त्या दिवशी काढला नाही. वालाचा शेंडा गेला तरी पानांच्या बेचक्यातून नवे फुटवे येतात. पीक लहान असेल आणि जमिनीत ओल असेल तर बरेचसे सावरते. उपटलेले आणि चिरडलेले मात्र गेलेच. म्हणून खाण्याच्या दिवशी जो आकडा तोंडातून निघतो तो नेहमी जास्त असतो. लपवाछपवी करून आठ दिवसांनी बघायला बोलावले तर तो कमी भासतो, कारण तोवर खुरांच्या खुणा बुजतात. तेव्हा पंचनामा त्याच दिवशी आणि हिशोब नंतर, हे पक्के ध्यानात ठेवावे. या मधल्या काळात डोकीही थंड होतात, हा फायदा वेगळाच.

बारा दिवसांनी पुन्हा गेलो. सातपैकी तीन गुंठे पुरते गेले होते, चार गुंठे फुटले होते. शेवटचा हिशोब काढणीला केला. न खाल्लेल्या पाच गुंठ्यांत ४० किलो वाल निघाला, म्हणजे गुंठ्याला ८ किलो. त्या हिशोबाने सात गुंठ्यांत ५६ किलो यायला हवा होता. आला १८ किलो. तूट ३८ किलो. बैठकीच्या दिवशी "सगळं रान गेलं" अशी हाकाटी होती, म्हणजे ९६ किलो. आणि "काही नाही झालं, फुटेल परत" असेही म्हणणारे होते, म्हणजे शून्य. खरे काय ते तराजूने सांगितले. मालकाने एका शब्दाने वाद घातला नाही, कारण पहिल्या खुंटीपासून तो तिथे हजर होता.

मग मावशी म्हणाल्या, "अडतीसातले आठ सोडले. पोराच्या नावानं सोडले. तो येतोय ना रोज."

हे पोराचे सांगायचे राहिलेच. पंचनाम्याच्याच दिवशी असे ठरले होते, की नातवाने काढणी होईपर्यंत रोज संध्याकाळी मावशींच्या वालाची राखण करायची आणि मगच घरी जायचे. पहिले चार दिवस त्याने लाजेने मान वर केली नाही. पुढे पुढे मी गेलो तेव्हा तो त्यांच्याच ओटीवर चहा पिताना दिसायचा. उरलेल्या ३० किलोंपैकी १५ किलोंचे पैसे शिमग्याला बाजारभावाने द्यायचे आणि १५ किलोंच्या बदल्यात मिरगाला नांगरणी आणि लावणीच्या वेळी चिखलणी, बैल आणि माणूस मालकाचा, असे वहीत लिहिले. तिसऱ्यांदा असे झाले तर गुरे सरळ कोंडवाड्यात, हेही लिहिले. (त्या गावच्या कोंडवाड्याला दार नव्हते. ग्रामपंचायतीने ते त्यानंतर बसवले. तुमच्या गावच्या कोंडवाड्याला आहे का, तेही एकदा बघून या.)

माफी कुणाची?

मावशींचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. "माफी तुम्ही का देताय?" पुढे एका वकील मित्राकडे बसलो असताना कळले, की कायद्याचेही म्हणणे थोडेफार तेच आहे.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत 'आगळीक' नावाचा गुन्हा होता. म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेची जाणूनबुजून नासाडी करणे. त्याच्या उदाहरणांत दुसऱ्याच्या शेतात पिकाची नासाडी व्हावी म्हणून गुरे घालणे हेच एक उदाहरण दिलेले आहे. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ३२४ व्या कलमात हा गुन्हा आहे. दावे सोडून मुद्दाम गुरे घालणारा आणि बांधायला विसरलेला, हे दोघे कायद्याने सारखे नाहीत. विसरलेल्यावर गुन्हा लागणार नाही कदाचित, पण झालेले नुकसान त्यामुळे कमी होत नाही. ते भरून मागण्याचा हक्क वेगळा राहतो. १८७१ च्या गुरांच्या जुन्या कायद्यातसुद्धा कोंडवाड्याचा दंड वेगळा आणि पीकवाल्याने न्यायालयात भरपाई मागण्याचा हक्क वेगळा, अशी व्यवस्था होती. कोंडवाड्यात भरलेला पैसा सरकारजमा किंवा पंचायतजमा होतो. ज्याचे पीक गेले त्याच्या घरात त्याने दाणा येत नाही.

आणि मुख्य गोष्ट अशी. जे गुन्हे आपसात मिटवता येतात त्यांचा तक्ता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३२० व्या कलमात होता. आता तो नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५९ व्या कलमात आहे. त्या तक्त्यात एक रकाना असा आहे, की हा गुन्हा मिटवण्याचा अधिकार कुणाला. खासगी माणसाचे नुकसान झाले असेल तर त्या रकान्यात ज्याचे नुकसान झाले तोच आहे. सरपंच नाही, पोलीस पाटील नाही, गावकीही नाही. आपण बैठकीला बसतो आणि दुसऱ्याच्या वतीने मोठ्या मनाचे होतो, तेव्हा हा रकाना आठवावा.

दया माझी, बियाणे दुसऱ्याचे

दुसऱ्यांना सांगतो आहे तर माझे स्वतःचेही सांगितले पाहिजे. नोकरीत नवा होतो तेव्हाची गोष्ट. तालुका सांगत नाही. अनुदानाचे भात बियाणे वाटायचे होते, माणशी एक पिशवी. यादी माझ्याकडे. एका शेतकऱ्याने स्वतःची पिशवी घेतली आणि भावाच्या नावावर दुसरीही उचलली. भाऊ तीन वर्षांपूर्वी वारला होता. मला हे दुसऱ्या दिवशी कळले. मी त्याच्या घरी गेलो. घरात चार पोरे, छपराला प्लास्टिक. त्याने पाय धरले. मी म्हणालो, "राहू दे, पुन्हा करू नको." आणि वहीत काही लिहिले नाही. घरी येताना मला स्वतःचे फार बरे वाटले होते, हे कबूल करतो.

पिशव्या मोजून आलेल्या होत्या. त्यामुळे वरच्या वाडीवरच्या एका बाईंना पिशवी मिळाली नाही. "संपली" असे मीच त्यांना सांगितले होते. त्यांनी सावकाराकडून वाढीदिढीने बी आणले, म्हणजे पिकल्यावर दीडपट परत. भादव्यात त्या वाडीवर गेलो तेव्हा हे कळले. त्या काही बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "साहेब, पुढल्या साली यादी मोठ्यानं वाचा." म्हणजे वाडीला सगळे माहीत होते. पिशवी कुणी उचलली ते माहीत होते आणि मी गप्प बसलो तेही माहीत होते.

पुढच्या वर्षी मी स्वतःच्या पैशाने एक पिशवी नेऊन त्यांना दिली. माझे एक जुने सहकारी होते, आता निवृत्त झाले. ते मला म्हणाले, "पिशवी दिलीस ते ठीक केलंस. पण त्या माणसाचं काय? तू त्याला फेडायची संधीच दिली नाहीस. तो आयुष्यभर त्या वाडीवरून मान चुकवून जाणार." आणि तसेच झाले होते. तो माणूस वरच्या वाडीला जाणारा रस्ता टाळायचा. मला वाटले होते मी त्याच्यावर उपकार केले. खरे तर मोकळा झालो होतो मी, तो नाही. तेव्हापासून लाभार्थ्यांची यादी मी ग्रामसभेत मोठ्याने वाचतो. नाव कुणाचे चुकीचे असले तर तिथल्या तिथे कळते आणि पाय धरायची वेळ कुणावर येत नाही.

दंड आणि वाळीत

आता दुसऱ्या तटाकडे वळू. कडक वागले की माणूस सुधारतो, असे मानणारे गावोगाव आहेत. त्यांचा राग खोटा नसतो. वर्षभर राबलेले पीक एका रात्रीत गेले तर कुणाचे डोके ठिकाणावर राहील? पण दंडाचा पैसा जातो कुठे, हे विचारावे. देवळाच्या फंडात, उत्सवात, कधी सरळ जेवणावळीत. ज्याचे गेले त्याच्या पानात एक घास वाढला तर वाढला. गुन्हेगार मात्र म्हणायला मोकळा, की दंड भरला, आता कुणाचे काही देणे नाही.

आणि वाळीत टाकणे हा तर गुन्हाच आहे. आपल्या रायगड जिल्ह्यातली वाळीत प्रकरणे वर्तमानपत्रांतून आणि न्यायालयांतून किती गाजली, ते सांगायला नको. कुणाला विहिरीवर बंदी, कुणाच्या मयताला माणूस नाही, कुणाच्या लग्नाला गाव नाही. २०१६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि तो ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. देवळाच्या ओट्यावर "त्याच्या दारात कुणी जायचं नाही" असे ठरवणाऱ्या प्रत्येकाला हे लागू आहे. तो ठराव लिहिलेला नसला तरीही. त्या दिवशी पोलीस पाटलांनी मावशींना विचारले नसते, तर चार गुरांच्या प्रकरणात निम्मा गाव आरोपी झाला असता.

पण मला कायद्याहूनही दुसरी गोष्ट मोठी वाटते. वाळीत टाकलेल्या माणसाला फेडायची वाटच उरत नाही. त्याचे बैल कुणाच्या शेतात चालणार? त्याचा नातू कुणाच्या वालाची राखण करणार? माफ करून विसरून गेले तरी फेड होत नाही आणि तोडून टाकले तरी होत नाही. दोन्हीकडे ज्याचे गेले ते गेलेच.

मोठे गुन्हे असतील तर?

वाचक म्हणतील, वालाचे ठीक आहे, खून-दरोड्याचे काय? त्यालाही आपल्या महाराष्ट्रात शेतीशी जोडलेले एक उदाहरण आहे. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. १९३९ साली औंध संस्थानात, राजे भवानराव पंतप्रतिनिधींच्या कारकिर्दीत, ती सुरू झाली. मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनियरचा तिच्यात पुढाकार होता. शिक्षा झालेले कैदी तिथे भिंतींशिवाय राहिले, बायका-मुलांना घेऊन राहिले आणि शेती करून जगले. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट त्यावरूनच सुचला. कथा ग. दि. माडगूळकरांची, जे त्याच मुलखातले. आपल्या भागातल्या जुन्या मंडळींनी तो तंबूतल्या टॉकीजला पाहिलेला असेल.

त्या कैद्यांना शिक्षा माफ झालेली नव्हती, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. शिक्षा चालूच होती. फक्त ती भोगायला अंधारकोठडीऐवजी नांगर मिळाला होता. तरी मला या गोष्टीत एक उणीव वाटते. पडद्यावर कैद्यांचे हृदयपरिवर्तन दिसते. ज्यांचे माणूस मेले त्या घरात पुढे काय झाले, त्यांना कुणी जाऊन काही विचारले का, ते दिसत नाही. मावशी तिथेही खांबाला टेकूनच बसलेल्या.

दुसरे उदाहरण आपल्या जिल्ह्यातल्या माणसाचे. विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. १९६० च्या मे महिन्यात ते चंबळच्या खोऱ्यात पायी फिरले आणि सुमारे वीस दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. देशभर नाव झाले. पण त्यानंतर ते लोक घरी गेले नाहीत. त्यांच्यावर खटले चालले, काहींनी शिक्षा भोगल्या. विनोबांनी त्यांना जवळ घेतले, पण त्यांचा हिशोब स्वतःच्या अधिकारात मिटवून टाकला नाही.

इथे गावच्या पुढाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली आणि ग्रामसभेने निवडलेल्या समित्यांनी बांधाचे, वाटेचे, पाण्याचे कितीतरी वाद मिटवले. चांगले काम झाले. पण त्याच उत्साहात काही ठिकाणी जे मिटवायचे नाही तेही मिटवण्याचा मोह होतो. मुलीवर, बाईवर अत्याचार झाला, जातीवरून कुणाला मारहाण झाली, कुणाचा जीव गेला, अशा प्रकरणांत "गावाचं नाव खराब होईल" म्हणून बैठक बसवू नये. ते गावाच्या हातातले नाही. पोलीस पाटलांनी थेट ठाण्याला कळवावे, ते त्यांचे कामच आहे. अशा बैठकीत ज्याला माफी हवी असते तोच बहुधा ओट्यावर बसलेला असतो. जिच्यावर बेतले ती घरात कोंडलेली असते.

राहिले ते रोजचे छोटे गुन्हे. गुरे, बांध कोरणे, रात्री दुसऱ्याच्या पाळीचे पाणी फोडणे, गवताला लावलेली आग दुसऱ्याच्या पेंढ्याच्या उडवीपर्यंत जाणे. यांत पोलीस ठाण्यापर्यंत जायची वेळ क्वचित येते. इथे गावाने काय करायचे, तर मोजायचे, लिहायचे आणि फेड होईपर्यंत दोघांच्या मध्ये उभे राहायचे. किती सोडायचे हे ज्याचे त्याला ठरवू द्यावे. काही जण काहीच सोडणार नाहीत. तोही त्यांचा हक्क आहे, त्यावरून त्यांना कोत्या मनाचे म्हणू नये. फेडणाऱ्याची ऐपत बघून हप्ते मात्र जरूर पाडावेत. पैसे नसतील तर अंगमेहनत, बैलांची जोडी, पेंढा, शेणखत, जे असेल ते. आपल्याकडे असले व्यवहार पूर्वीपासून चालत आले आहेत, त्यात नवे काही शिकायचे नाही.

एक गोष्ट आणखी. फेड झाली की वहीत तशी नोंद करावी आणि सह्या घ्याव्यात. लिहायचे राहिले, तर दहा वर्षांनी कुठल्यातरी लग्नातल्या भांडणात "तुझ्या आज्यानं माझ्या आजीचा वाल खाल्ला" हे बाहेर येतेच.

मावशींच्या शेताकडे मी त्याच वर्षी लावणीच्या दिवसांत पुन्हा गेलो होतो, बांधावर तूर लावायचे सांगायला. पाऊस लागला होता. म्हातारा गुडघाभर चिखलात बैल हाकत होता आणि नातू मागे फळी धरून होता. शिमग्याचे पैसे आधीच देऊन झाले होते. ही चिखलणी झाली की वही बंद. मावशी चहाची किटली आणि भाकरीचे फडके घेऊन बांधावर आल्या. दोघांना हाक मारली. म्हाताऱ्याने हातपाय धुतले, बैल बांधाला बांधले आणि चहा घेतला. मावशी बैलांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "दादा, जोडी चांगली आहे तुमची. दावं मात्र तेच जुनं. तेवढं या बाजाराला नवं घ्या."